अरुंद इंजिन-कप्प्यातली नेहमीची देखभाल: आधी पोच, मग पाना

प्रश्न असा आहे. पॉवरबोटीत दोन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी बसवलेली आहेत. दोन्हींच्या मधे कसंबसं बसता येईल एवढी वाट आहे, पण प्रत्येक इंजिनाची बाहेरची बाजू बोटीच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेली आहे. तेल, फिल्टर, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र), झिंक (स्वतः झिजून इंजिनाचे धातू गंजण्यापासून वाचवणारे जस्ताचे तुकडे), पट्टे (बेल्ट) ही वरचेवरची कामं मालकाला स्वतः करायची आहेत. पण दर वेळी कोपरं सोलवटतात, पाने खाली पडतात आणि अर्धी कामं ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून राहून जातात. हे असंच चालायचं, की यावर काही उपाय आहे?

उपाय आहे, आणि त्यातला बराचसा भाग इंजिनाला हात लावण्याआधीचा आहे. तेल बदलणं किंवा इम्पेलर काढणं हे काम म्हणून अवघड नाही. इंजिन मोकळ्या जागेत उभं असेल तर कुणीही नवखा माणूस ते शिकू शकतो. अवघड असतं ते तिथवर हात पोचवणं. म्हणून अशा बोटीत देखभालीचं पहिलं काम म्हणजे पोच तयार करणं, असं मी प्रत्येकाला सांगतो. ते एकदा नीट केलं की पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतं. नाही केलं, तर जिथे हात पोचत नाही तीच बाजू कायम दुर्लक्षित राहते, आणि बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो.

बाहेरच्या बाजूचा त्रास जुळ्या इंजिनांच्या बोटीत जास्त का होतो, हेही समजून घ्या. दोन्ही इंजिनं बहुतेक वेळा हुबेहूब सारखी असतात. फिल्टर, डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी), पाण्याचा पंप अशा गोष्टी इंजिनाच्या ज्या अंगाला असतील, ते अंग एका इंजिनाचं मधल्या वाटेकडे येतं आणि दुसऱ्याचं भिंतीकडे जातं. काही कंपन्या फिल्टर दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला बसवायची सोय देतात. आपल्या इंजिनाला ती आहे का, हे विक्रेत्याला जरूर विचारा. पुष्कळ मालकांना ती सोय आहे हेच माहीत नसतं.

पहिल्या दिवशी पाना हातात घेऊच नका. इंजिनाची पुस्तिका, एक वही आणि फोन एवढंच घेऊन आत जा. पुस्तिकेत देखभालीच्या जेवढ्या जागा दिल्या आहेत, त्या एकेक करून इंजिनावर शोधा. ज्या दिसत नाहीत तिथे फोन हातात धरून, दिवा लावून, व्हिडिओ चालू ठेवून हात आत घाला आणि बाहेर येऊन व्हिडिओ पाहा. दांडीचा आरसाही चालतो, पण आरशात उजवं-डावं उलटं दिसतं आणि घाईत पाना उलट्या दिशेने फिरवला जातो. तारेच्या टोकाला कॅमेरा असलेलं तपासणी यंत्र मिळतं, ते घेतलंत तर सर्वांत उत्तम. झिंक किती आहेत ते पुस्तिकेतून पक्कं करा. भिंतीकडच्या अंगाला हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) पोटात एखादा झिंक असतो आणि आधीच्या मालकाने तो कधी काढलेलाच नसतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

आता वहीत या सगळ्या जागांची यादी करा, पण तेलाची कामं वेगळी, पाण्याची वेगळी, इंधनाची वेगळी अशी करू नका. शरीराच्या स्थितीप्रमाणे करा. वरून झाकण उघडून वाकून काय काय हाताला लागतं, मधल्या वाटेत बसून काय लागतं, इंजिनावर फळी टाकून पालथं झोपल्यावर काय लागतं, मागच्या बाजूने शिरून काय लागतं. अरुंद जागेत सर्वांत जास्त दमछाक होते ती आत शिरण्यात आणि बाहेर येण्यात. एकदा पालथं झोपलात की त्या स्थितीतून होणारी सगळी कामं, मग ती कुठल्याही विभागातली असोत, एकाच खेपेत उरका. प्रत्येक जागेपुढे लागणारा पाना, त्याचा आकार आणि जोडायचं एक्स्टेंशन लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हीच वही तुमचे निम्मे कष्ट वाचवेल.

पालथं झोपण्यासाठीची फळी हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा खर्च आहे, आणि तो अगदी किरकोळ आहे. जाड प्लायवूडचा तुकडा इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या मजबूत आधारांवर बसेल अशा मापाने कापून घ्या, कडा घासून गुळगुळीत करा, वर फोमचा पातळ थर चिकटवा. वजन फळीवर आणि फळीतून बोटीच्या सांगाड्यावर गेलं पाहिजे. इंजिनावर, होजवर, वायरिंगवर, इंजेक्टरच्या नळ्यांवर किंवा शाफ्टवर गुडघा टेकला की एका गळतीच्या जागी दोन तयार होतात. आणि फळीवर चढण्याआधी बाहेर कसं येणार तेही ठरवा. खाली डोकं, वर पाय अशा स्थितीत एकट्याने अडकलेला माणूस घाबरतो आणि घाबरून चुकीच्या गोष्टीला लटकतो. किनाऱ्यावर किंवा बोटीवर कुणाला तरी सांगून ठेवा की मी आत आहे.

आत जाण्याआधीची खबरदारी प्रत्येक वेळी, न चुकता घ्यायची. बॅटरीचा मुख्य स्विच बंद, किनाऱ्यावरून येणारी वीज आणि चार्जर बंद. किल्ली काढून स्वतःच्या खिशात. कप्प्याचं झाकण गॅसच्या दांड्यांवर उभं राहत असेल तर त्या दांड्यांवर विसंबू नका. जुन्या झाल्या की त्यांच्यातला जोर हळूहळू जातो, आणि झाकण पाठीवर येतं. लाकडाचा भक्कम टेकू लावा. हातातल्या अंगठ्या, कडं, घड्याळ उतरवा. स्टार्टरचं टर्मिनल आणि इंजिनाचं धातूचं अंग यांच्यामधे अंगठी आली की बोट भाजतं, आणि अरुंद जागेत हात झटकन मागे घेता येत नाही. शेजारी कुणाचा जनरेटर चालू असेल तर त्याचा धूर तुमच्या कप्प्यात येत नाही ना, हेही बघा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तुमची इंजिनं डिझेलची आहेत, पण पेट्रोलच्या बोटीत हे वाचून कुणी काम करणार असेल तर त्याच्यासाठी: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बिल्जमधे, म्हणजे बोटीच्या सर्वांत खालच्या पोकळीत, तळाशी साचून राहते. झाकण उघडा, वास घ्या. इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर (कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान 4 मिनिटं चालवा. ब्लोअर चालवला म्हणून वास घेणं सोडू नका. पेट्रोल इंजिनावरचा अल्टरनेटर, स्टार्टर किंवा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) बदलताना मोटारीचा स्वस्त सुटा भाग बसवू नका. बोटीसाठीचे भाग ठिणगी बाहेर येऊ नये अशा पद्धतीने बंदिस्त केलेले असतात, मोटारीचे नसतात. दिसायला दोन्ही सारखे, पण बंद कप्प्यात हा फरक जीवावर बेततो.

हत्यारं थोडी, पण जागेला साजेशी हवीत. पाव इंची ड्राइव्हचा लहान सॉकेट सेट, दोन-तीन लांबीची एक्स्टेंशन, थोडं तिरकं फिरू देणारं एक्स्टेंशन, मान वळणारा रॅचेट आणि आखूड दांडीचे रिंग पाने. मोठा, जड टूलबॉक्स आत नेऊ नका. त्या खेपेला लागणारी हत्यारं एका कापडी पिशवीत घालून ती डोक्याशी टांगा. जे पाने निसटण्याची भीती आहे त्यांना दोरी बांधा. एखादा बोल्ट असा असतो की त्याला बाजारातला कुठलाच पाना सरळ बसत नाही. त्याच्यासाठी एक साधा, स्वस्तातला पाना विकत घ्या, गरम करून वाकवा किंवा दांडी कापून आखूड करा, आणि त्यावर रंगाने ‘पंपाचा खालचा बोल्ट’ असं लिहून कप्प्यातच टांगून ठेवा. जुन्या मेकॅनिकांच्या पेटीत असे विद्रूप पाने हमखास सापडतात. त्यांना कुणी हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता तेल. तेल काढताना इंजिन कोमट हवं, कारण थंड तेल दाट होतं आणि गाळ तळाशीच राहतो. पण कोमट तेलासाठी तापलेल्या इंजिनावर पालथं झोपायची काही गरज नाही. तेल काढणं आणि फिल्टर बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा आणि डिपस्टिकच्या नळीतून तेल ओढणाऱ्या पंपाने, बाहेर उभं राहून तेल काढून घ्या. तळाचा प्लग उघडायला अशा बोटीत जागाच नसते, आणि असली तरी खाली भांडं सरकत नाही. पंपाची नळी तळाला टेकली की किंचित वर घ्या. निघालेलं तेल मोजा आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहा. फारच कमी निघालं असेल तर नळीचं टोक चुकीच्या जागी आहे, नळी मागेपुढे करून पुन्हा ओढा. मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या. फिल्टर नंतर, गार इंजिनावर, फळीवरच्या खेपेत काढायचा.

फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर तो सैल होताच तेल सांडणार. त्याला इलाज असा: खाली तेल शोषणारं फडकं अंथरा, फिल्टरवर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवा, पट्ट्याच्या पान्याने फक्त अर्धा वेढा सैल करा आणि थांबा. तेल आधी पिशवीत उतरू द्या. मग पिशवीतूनच हाताने फिल्टर फिरवून काढा आणि पिशवीसकट बाहेर घ्या. पट्ट्याचा पाना फिरायला जागा नसेल तर फिल्टरच्या टोकावर टोपीसारखा बसणारा पाना घ्या, त्याला मागून एक्स्टेंशन लावता येतं. नवा फिल्टर चढवण्याआधी एक गोष्ट बोटाने चाचपून बघायचीच: जुन्या फिल्टरचं रबराचं वेढं त्याच्याबरोबर निघालं का, की इंजिनाला चिकटून राहिलं? दोन वेढी एकावर एक बसली की इंजिन चालू झाल्यावर दाबाने ती सरकतात आणि सगळं तेल काही क्षणांत बाहेर येतं. जी जागा डोळ्यांना दिसत नाही तिथे ही चूक सहज होते, म्हणून जुनं वेढं प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या वेढ्याला तेलाचं बोट लावा, हाताने फिरवा, टेकल्यानंतर फिल्टरवर छापलं असेल तेवढंच आणखी आवळा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वर्षी तुम्हालाच रडवतो.

आणि बिल्जचा पंप. तो बहुतेक बोटींत मुख्य स्विच बंद केला तरी चालू राहील असा थेट बॅटरीला जोडलेला असतो, कारण बोट बुडू नये म्हणून तो सदैव जागा असावा लागतो. तेलाचं काम चालू असताना तळात तेल सांडलं आणि पंपाने ते ओढलं, तर ते थेट पाण्यात जाईल. त्याने पाणी तर नासतंच, पण बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. तेवढ्यापुरता पंपाचा फ्यूज काढून ठेवा, आणि तो फ्यूज इंजिनाच्या किल्लीच्या कडीला बांधा. म्हणजे तो परत बसवायचा राहून बोट निघणार नाही. सांडलेलं तेल फडक्यांनी पुरतं टिपल्यावरच पंप पुन्हा चालू करायचा.

इम्पेलरवर जरा थांबतो, कारण अरुंद कप्प्यात सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम हेच, आणि टाळल्याची किंमत सर्वांत मोठी. बाहेरचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाच्या आत रबराच्या पात्यांचं हे चक्र असतं. ते पाण्यानेच वंगण घेतं. पाणी न येता चाललं तर मिनिटभरात पाती भाजून निघतात. बोट बरेच दिवस उभी राहिली तर पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक होतात आणि मुळाशी चिरा पडतात. पुस्तिकेत मुदत दिलेली असते. मुदत नसेल तर वर्षातून एकदा बदला, आणि बदलण्याची वेळ नसली तरी उघडून बघा.

पंपाचं झाकण भिंतीकडे किंवा खाली तोंड करून असेल तर पुष्कळ जण तसंच, न बघता, पाच-सहा बारीक स्क्रू काढायच्या मागे लागतात आणि त्यातला एक बिल्जमधे जातोच. माझा सल्ला वेगळा आहे. पंप इंजिनाला किती बोल्टांनी धरला आहे ते आधी पाहा. बऱ्याच इंजिनांत दोन-तीन बोल्ट आणि दोन होज सोडल्या की अख्खा पंप हातात येतो. तो बाहेर आणून उजेडात, मांडीवर घेऊन उघडायचा. एकूण वेळ तेवढाच लागतो, काम मात्र कितीतरी चांगलं होतं. परत बसवताना मागचं गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घ्या. अर्थात सी-कॉक, म्हणजे बाहेरचं पाणी बोटीत येतं त्या वाटेवरची झडप, आधी बंद करायचा. नाहीतर होज सुटली की पाणी आत येईल. सी-कॉक बंद केलात की इंजिनाची किल्ली त्याच्याच दांडीला अडकवा. मग किल्ली घेताना तो उघडायची आठवण आपोआप होते.

पंप जागेवरच उघडावा लागत असेल तर झाकणाखाली चिकटपट्टीने फडक्याचा झोळा बांधा. वरचा एक स्क्रू पूर्ण न काढता सैल ठेवा आणि बाकीचे काढून झाकण त्याच्यावर बाजूला फिरवा. इम्पेलर पेचकसाने उचकटू नका, पंपाच्या आतल्या अंगाला ओरखडा पडतो आणि तिथून पाण्याचा दाब गळतो. ओढून काढायचं हत्यार मिळतं. ते बसत नसेल तर लांब नाकाच्या पकडीने मधल्या भागाला धरून काढा. काढलेल्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं पातं किंवा तुकडा कमी असेल तर तो हवेत गेलेला नाही. तो पुढे होजच्या वळणात, ऑइल कूलरच्या किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकला आहे आणि पाण्याची वाट अडवून बसला आहे. तो शोधून काढेपर्यंत काम संपलेलं नाही. जुन्या इम्पेलरची पाती कुठल्या दिशेला वाकलेली आहेत, याचा फोटो तो बाहेर काढण्याआधीच घेऊन ठेवा. नवा घालताना पात्यांना ग्लिसरीन लावा आणि पंप फिरतो त्याच दिशेने पिळत आत सरकवा. साधं ग्रीस किंवा तेल लावू नका, निओप्रीनची पाती त्याने फुगतात. झाकणाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा. खोल चरे लागले तर झाकणही बदलायची वेळ झाली.

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर पाण्याकडचं सील गेलं, तेल येत असेल तर इंजिनाकडचं. ते भोक रंगाने किंवा मळाने बुजलेलं असेल तर साफ करा. बंद ठेवलंत तर पाणी बेरिंगकडे वाट काढतं.

झिंकबद्दल थोडक्यात. निम्मा झिजला की बदला. आट्यांना टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका, कारण झिंकचा धातूशी विद्युत संपर्क टिकला तरच तो काम करतो. काढताना आतला तुकडा मोडून हीट एक्स्चेंजरमधे राहिला तर तोही बाहेर काढा. पट्ट्यांचं तर सोपं आहे. सर्वांत लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबून तो साधारण 10 ते 12 मिलीमीटर दबला तर ठीक. पण तुमच्या इंजिनाला स्वतःहून ताण धरणारी व्यवस्था असेल तर हा हिशोब लागू नाही. पट्ट्याखाली काळी भुकटी साचली असेल तर पुली एका रेषेत नाहीत किंवा गंजल्या आहेत.

इंधनाच्या फिल्टरांत पहिला, पाणी वेगळं करणारा फिल्टर हाताशी असावा म्हणून हवं तर त्याची जागाच बदला. पाणी डिझेलपेक्षा जड, ते पेल्यात तळाशी बसतं आणि नळ उघडून काढता येतं. त्या फिल्टरवर ओढ दाखवणारं व्हॅक्यूम मीटर बसवलंत तर फिल्टर तुंबत चालल्याचं काटा पाहून कळतं आणि उगाच आत शिरावं लागत नाही. इंजिनावरचा दुसरा, बारीक फिल्टर बदलताना त्यात डब्यातलं, न गाळलेलं डिझेल ओतून भरू नका. ते थेट इंजेक्शन पंपाकडे जातं. हातपंपाने भरा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. नव्या कॉमन-रेल इंजिनांत (सगळ्या इंजेक्टरांना एकाच, जास्त दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) जास्त दाबाच्या नळ्यांचे नट हवा काढण्यासाठी सैल करायचे नाहीत. तिथला दाब 1000 बारच्या वर जातो, आणि तेवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. तशी जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावं लागतं.

हवा राहून गेल्यामुळे इंजिन लवकर चालू होत नसेल आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत असाल, तर एक धोका लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी पंप बाहेरचं पाणी एक्झॉस्टमधे ढकलतो, आणि इंजिन चालू नसल्याने ते बाहेर फेकणारा धूर नसतो. मफलर भरला की पाणी उलटं सिलिंडरमधे शिरतं. अशा वेळी सी-कॉक बंद ठेवून स्टार्टर मारा आणि इंजिनाने पकड घेताच लगेच उघडा. हे काम दोघांनी करा, एक वर किल्लीशी, एक खाली सी-कॉकशी.

आता एक सवय सांगतो. तिला पैसे लागत नाहीत. प्रत्येक खेपेच्या शेवटी पांढरा टिश्यू पेपर घ्या आणि जिथे डोळा पोचत नाही अशा प्रत्येक सांध्याच्या, होजच्या तोंडाच्या, फिल्टरच्या खालून हात घालून पुसा. प्रत्येक जागेला नवा कागद. काळा डाग म्हणजे इंजिनाचं तेल, लाल म्हणजे बहुधा गिअरबॉक्सचं, हिरवा किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. डिझेल वासाने ओळखू येतं. खरखरीत पांढरे कण लागले तर खाऱ्या पाण्याची गळती आहे, ती एवढी बारीक की वाहण्याआधीच सुकून मीठ मागे राहतं. त्याच मिठाने पुढे होजची क्लिप गंजते आणि अल्टरनेटर खराब होतो. कागदांवर जागेचं नाव लिहून फोटो काढा आणि पुढच्या खेपेला तुलना करा. डाग वाढला असेल तर ते काम यादीत वर घ्या. हाताने होजही दाबून बघा. मऊ पडलेली, फुगलेली किंवा दाबल्यावर करकर वाजणारी होज बदलायची. पाण्याच्या पातळीखालच्या जोडांना दोन-दोन क्लिपा असाव्यात, आणि त्या उघडता येतील अशा दिशेला तोंड करून बसवाव्यात. क्लिपचा स्क्रू भिंतीकडे वळलेला असेल तर सवड असताना फिरवून घ्या.

हे सगळं करूनही जी दोन-तीन कामं दर वेळी छळतात, त्यांच्यासाठी जागा बदलण्याचा विचार करा. ऑइल फिल्टर दोन होज लावून मधल्या वाटेजवळ आणता येतो. होज इंजिन ऑइलच्या दाबाला आणि उष्णतेला टिकणाऱ्या, त्यासाठीच बनवलेल्या हव्यात, एक्झॉस्टपासून दूर आणि कशालाही घासणार नाहीत अशा नेलेल्या हव्यात. कारण तिथली होज फुटली तर तेल मिनिटभरात संपतं. इंजिन वॉरंटीत असेल तर कंपनीला आधी विचारा. तेल ओढणारा पंप तळाच्या प्लगला होज लावून कायमचा बसवता येतो. कूलंटची टाकी, पाण्याची गाळणी, बॅटऱ्या, गरम पाण्याची टाकी या गोष्टी बांधणाऱ्याने जागा मिळाली तिथे ठेवलेल्या असतात. एखादी हलवली की इंजिनाची अख्खी बाजू मोकळी होते. फर्निचरच्या फळीत किंवा केबिनच्या जमिनीत तपासणीची खिडकी कापणं हाही चांगला मार्ग आहे. मात्र बोटीच्या तळातल्या लांब आधारांना आणि आडव्या भिंतींना करवत लावण्याआधी बोटबांधणीच्या जाणकाराला दाखवा. त्यांच्यावर बोटीची ताकद उभी असते, आणि इंजिन-कप्प्याची भिंत धूर आणि आग केबिनमधे येऊ नये म्हणूनही असते. तिथे पाडलेलं प्रत्येक भोक नीट बुजवावं लागतं. आणि कप्पा आतून पांढरा रंगवा, चांगले दिवे कायमचे बसवा. पांढऱ्या पृष्ठभागावर तेलाचा पहिला थेंब दिसतो.

काम झाल्यावर इंजिन चालू करताना आधी तेलाचा दाब पाहा, मग एक्झॉस्टमधून पाणी येतंय का ते. दोन्ही ठीक असेल तर काही मिनिटं चालवून बंद करा, फिल्टर आणि पंपाच्या खालून पुन्हा पांढरा कागद फिरवा, तेलाची पातळी बघा. चालत्या इंजिनाजवळ फळीवर झोपून काही तपासू नका, बाही किंवा केस पट्ट्यात जायला क्षण पुरतो. त्यानंतरची पहिली फेरी जवळचीच ठेवा आणि परत आल्यावर झाकण उघडून बघा.

मेकॅनिकवर काय सोपवायचं? व्हॉल्व्हचं अंतर, इंजेक्टर, टर्बो, शाफ्टची सरळ रेषा आणि आफ्टरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग). आफ्टरकूलर भिंतीकडच्या बाजूला असेल तर त्याची मुदत टळू देऊ नका, तो आतून गंजला तर खारं पाणी हवेच्या वाटेने थेट सिलिंडरमधे जातं. एक्झॉस्टचं जे वळण धूर आणि पाणी एकत्र करतं तेही वेळोवेळी सोडवून आतून तपासून घ्या, ते बाहेरून धडधाकट दिसतं आणि आतून चाळण झालेलं असतं. मेकॅनिक येण्याआधी तुमची वही, फोटो आणि फळी त्याच्या हातात द्या, आणि मधल्या वाटेतलं सगळं सामान उचलून कप्पा मोकळा करून ठेवा. तो तासाच्या हिशोबाने पैसे घेत असेल तर त्यातले बरेच तास आत शिरण्यातच जातात. आणि पोच सोपी दिसली की तोही कोपऱ्यातला झिंक आपणहून काढून बघतो.